तिच्या नावापुढे अठ्ठ्याण्णव

कॉलेजात माझी ओळख एकाच कलेमुळे होती. मला चार वेगवेगळ्या आवाजांत 'येस सर' म्हणता यायचं. एक माझा स्वतःचा, एक नाकातला, एक झोपेतून उठल्यासारखा आणि एक इतका बारीक की सर वर न बघताच पुढचा नंबर घ्यायचे. सांगलीत बी.एस्सी.ला असताना या चार आवाजांवर मी अर्ध्या वर्गाची हजेरी भरली. कुणी गावाला गेलेली असायची, कुणी पिक्चरला, कुणी नुसतीच खोलीत लोळत पडलेली. सकाळी फोन यायचा, "ए, माझी लाव गं," आणि मी लावायचे. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मैत्रिणीची हजेरी न लावणारी मुलगी आमच्यात शिष्ट समजली जायची.

ही फुशारकी मी आता सुखानं मारत नाही. पुढं जे सांगायचं आहे ते याच सवयीतून झालं, म्हणून आधी सांगून टाकते.

ती मला पॅसेंजर गाडीत भेटली. मी लोणंदची. लोणंदला चढून मी खिडकीजवळची जागा धरायचे आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायचे, म्हणजे ऐसपैस बसता येतं. पहिल्या वर्षी रहिमतपूरला एक उंच, हाडापेरानं दणकट मुलगी चढली. तिनं सरळ माझी पिशवी उचलून माझ्याच मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "कांद्यांचं तिकीट काढलंय का?" लोणंदची माणसं कुठंही निघाली की कांदे घेऊन निघतात, असा तिचा ठाम समज होता. त्या पिशवीत खरंच कांदे होते, त्यामुळं मला भांडताही येईना. सांगली येईपर्यंत आम्ही हॉस्टेलात एकाच खोलीत राहायचं ठरवून टाकलं होतं.

तिचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रहिमतपूरजवळच्या खेड्यात घर, थोडा ऊस, दोन म्हशी. चालताना ती पाय आपटत चालायची, दार आपटून लावायची, बादलीसुद्धा आपटूनच ठेवायची. प्रयोगशाळेत मात्र हीच मुलगी बदलून जायची. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत द्रवाचा रंग बदलायची वाट बघायची असते. आम्ही घाई करायचो आणि आमचा रंग भडक गुलाबी होऊन बसायचा. तिचा रंग नुसती गुलाबी झाक आली की थांबायचा. सर तिचा चंबू उचलून सगळ्या वर्गाला दाखवायचे. तिला शिरवळच्या बाजूला एखाद्या औषधांच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी हवी होती. पांढरा कोट घालून आठ तास उभं राहायचं, बस्स. यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं.

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही सगळ्याच घरी गेलो. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात लग्नं भराभर उरकली. पन्नास माणसं, मांडव नाही, बँड नाही, सकाळी नऊला अक्षता आणि अकराला मुलगी नांदायला. ज्या मुलींची कॉलेजं बंद होती त्यांचीच उरकली. तिची चुलतबहीण आमच्याच कॉलेजात, एक वर्ष मागं होती. तिचं लग्न अंगणात झालं, मोबाइलवर क्लास चालू असलेल्या आठवड्यात. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा ती आली नाही. कुणी तिला येऊ नको म्हणालं असंही नाही. तो विषयच त्या घरातून संपला होता.

माझ्या मैत्रिणीनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटच्या वर्षी तिलाही स्थळ आलं. मुलगा फौजेत, वडिलांच्या जुन्या पलटणीतल्या कुणाचा तरी पुतण्या, मे महिन्यात सुट्टीवर येणार. वडील म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग बघू. तिनं या एका वाक्याला घट्ट धरलं. जोपर्यंत परीक्षा व्हायची आहे आणि जोपर्यंत आपण हॉस्टेलात आहोत तोपर्यंत आपल्याला कुणी हलवत नाही, असा तिचा हिशेब होता. परीक्षा झाली की शिरवळला अर्ज टाकायचा, नोकरीचं पत्र आणायचं आणि मगच घराची पायरी चढायची.

"एकदा का मी रिकाम्या हातानं घरी गेले ना, की संपलं बघ," ती म्हणायची. "मला परत कोण सोडतंय हितं?"

दुसरी लाट आली तेव्हा हॉस्टेल पुन्हा रिकामं व्हायला लागलं. आम्ही अकरा जणी मागं राहिलो, सगळ्या शेवटच्या वर्षाच्या. प्रॅक्टिकलची परीक्षा 'पुढच्या आठवड्यात' होती आणि हा पुढचा आठवडा महिनाभर पुढंच सरकत होता. आम्हाला राहू द्यायचं की नाही यावर कॉलेजात बराच खल झाला. शेवटी एक अट घातली. रोज सकाळी नऊच्या आत मोबाइलवर एक फॉर्म भरायचा. नाव, ताप किती, ऑक्सिजन किती, खोकला, घसादुखी, अंगदुखी आहे की नाही. जिला काही असेल तिच्या घरी त्याच दिवशी फोन जाणार, आणि पालकांनी येऊन तिला घेऊन जायचं. आणि जिचा फॉर्म आला नाही ती त्या दिवशी गैरहजर.

हे शेवटचं वाक्य ज्या सरांनी घातलं त्यांना वाटलं असेल, असं केलं तरच मुली फॉर्म भरतील. त्यांचं काही चुकलं नाही. पण गैरहजर हा शब्द ऐकला आणि आमच्या लेखी तो फॉर्म तब्येतीचा राहिलाच नाही. ती हजेरी झाली. आणि हजेरी कशी भरायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिले चार दिवस रेक्टर मॅडमनी स्वतः ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडे सांगितले. मग त्यांच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई असल्यामुळं त्या वर यायच्या बंद झाल्या. ऑक्सिमीटर आणि तापमापक एका बिस्किटांच्या डब्यात घालून तो डबा त्यांनी जिन्यात ठेवून दिला. दोन दिवस आम्ही रांगेनं बोटं घातली. नंतर कंटाळा आला. सकाळी नेट गच्चीच्या जिन्यातच बरं चालायचं आणि मी लवकर उठणारी, त्यामुळं अकराही जणींचे फॉर्म मीच भरायला लागले. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. सगळ्यांना सारखे आकडे दिले तर संशय येईल म्हणून मी ते बदलत ठेवायचे. एखादीला सलग तीन दिवस अठ्ठ्याण्णव झाले की चौथ्या दिवशी सत्त्याण्णव द्यायचे. तापाच्या रकान्यातही असाच पॉइंटाचा फरक. या कारागिरीचा मला अभिमान होता. सर ग्रुपवर लिहायचे, आपलं हॉस्टेल एकदम सुदृढ आहे, सर्व विद्यार्थिनींचं कौतुक. आम्ही हसून लोळायचो.

एका सोमवारी तिचा घसा दुखायला लागला. मंगळवारी अंग कणकणत होतं. तिनं गोळी घेतली, हळद घालून गरम पाणी प्यायली आणि उन्हाळ्याचं होतं असं म्हणाली. बुधवारी मी खोलीत कांदा चिरत होते, डब्याची भाजी नेहमीप्रमाणं पांचट होती म्हणून. ती पलंगावर माझ्याकडं तोंड करून पडली होती.

"आज कांदा तिखट न्हाई का गं? वास कसा न्हाई?" ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी अर्धा कांदा तिच्या नाकाला लावला. तिनं जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला, आणि मान हलवली. आधी आम्ही हसलो. लोणंदचा कांदा हरला म्हणून तिनं टाळीसुद्धा दिली. मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं आणि हसू थांबलं. तो काळ असा होता की वास जाण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही माहीत होता.

"लिहू नकोस," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"आज लिवलंस तर उद्या बाबा जीप घेऊन येतील. मग माझी परीक्षा बी गेली आन सगळंच गेलं. मला न्हाई मरायला हुणार काही. पोरी बऱ्या हुत्यात चार दिसांत. तू लिहू नको. शप्पथ हाय तुला."

मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, अठ्ठ्याण्णव लिहिलं. मी घाबरून लिहिलं, किंवा तिनं गळ घातली म्हणून लिहिलं, असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. मला ते सोपं वाटलं. रोजच लिहीत होते, त्या दिवशीही बोटं आपोआप चालली. बाकीच्या मुलींनाही कुणकुण होती. कुणी विचारलं नाही. एकीचं कळलं की सगळ्यांनाच घरी पाठवतील हे प्रत्येकीला ठाऊक होतं, त्यामुळं सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

मी माझा पलंग खिडकीकडं ओढला, तिचा डबा वर आणायचे, तिची भांडी वेगळी ठेवायचे. मला वाटायचं मी तिची फार सेवा करते आहे. तिच्या आईचा फोन आला की ती आधी दोन घोट पाणी प्यायची, खोकला दाबायची आणि 'बरी हाय' म्हणायची. फोन ठेवला की उशीत तोंड खुपसून खोकायची. गुरुवारी मी जिन्यातल्या डब्यातला ऑक्सिमीटर आणून तिला लावला. चौऱ्याण्णव. शुक्रवारी ब्याण्णव. ती म्हणाली बोट गार आहे, चोळ. मी चोळलं, त्र्याण्णव झाले. दोघींनाही तेवढं पुरलं.

शुक्रवारी संध्याकाळी नोटीस आली. प्रॅक्टिकल सोमवारी, नक्की. ती उठून बसली, वही मागितली आणि पलंगावरच सूत्रं घोकायला लागली. वाचताना मधेच थांबून श्वास घ्यायची आणि ज्या शब्दावर थांबली तिथूनच पुढं सुरू करायची. शनिवारी सकाळी नव्वद आले तेव्हा मी म्हणाले, आता मी मॅडमना सांगते. तिनं माझं मनगट धरलं. हाताला नेहमीसारखा जोर नव्हता.

"दोन दिस. सोमवारी परीक्षा दिली की मीच सांगते सगळ्यांला. तुझ्या हातापाया पडते, दोन दिस थांब."

मी फॉर्ममध्ये अठ्ठ्याण्णव टाकले. शनिवारी दुपारी ग्रुपवर दुसरी नोटीस आली. परिस्थिती पाहता प्रॅक्टिकल पुढील सूचनेपर्यंत रद्द. मी तिला वाचून दाखवलं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तेव्हा तरी मी खाली पळत जायला हवं होतं, कारण आता थांबायला कसलंच कारण उरलं नव्हतं. मी गेले नाही. तिला वाईट वाटलंय, जरा पडू दे, सकाळी बघू, असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला बऱ्याच गोष्टी माफ केल्या. ती शनिवारची दुपार त्यात बसत नाही.

रविवारी सकाळी ती बाथरूमला म्हणून निघाली आणि जिन्यातच बसली. ओठ निळसर पडले होते. मी तिथंच तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. चौऱ्याऐंशी. मी ओरडले. मॅडम तोंडाला पदर लावून पळत वर आल्या. मॅडमचा आमच्यावर जीव होता हे मी सांगायलाच हवं, कारण पुढं सगळं त्यांच्या माथी मारलं गेलं. त्यांनी लगेच ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काल किती होता?" डॉक्टरांनी विचारलं.

मॅडमनी मोबाइलवर आमचा फॉर्म उघडला. "अठ्ठ्याण्णव. परवा सत्त्याण्णव. ताप नाही, खोकला नाही, काहीच नाही."

"काल अठ्ठ्याण्णव आणि आज चौऱ्याऐंशी असं सहसा होत नाही. हात गार असतील. नखांना रंग आहे का? पुसा. सेल बदला, हात गरम करा, अर्ध्या तासानं पुन्हा बघा. माझ्याकडं या घडीला एक ऑक्सिजनचा बेड आहे, पण बाहेर लोक उभे आहेत. खात्री करा आणि सांगा."

तेव्हा मी मॅडमपासून दोन हातांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण मॅडमनी माझ्याकडं बघून, "हो ना गं, काल बरी होती ना?" असं विचारलं आणि माझी मान हलली. होकारार्थी हलली.

मग आम्ही सगळं केलं. तिच्या नखांवरचा रंग पुसला. गरम पाण्याच्या बादलीत तिचे हात धरले. मॅडमनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून ऑक्सिमीटरला घातले. त्र्याऐंशी. रिमोटचे सेल जुने असतील म्हणून वॉचमन काकांना नवे आणायला पिटाळलं. निर्बंधांमुळं दुकानं अर्धी शटर पाडून बसलेली, काका दोन चौक हिंडून आले. नवे सेल घातले. ब्याऐंशी. मॅडमनी तो स्वतःच्या बोटाला लावला, सत्त्याण्णव. ती हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आता ती लिहू नको असं सांगत नव्हती, सांग असंही म्हणत नव्हती. नुसती श्वास घेत होती, तेच एक काम असल्यासारखी.

"मॅडम, तो कालचा आकडा खोटा आहे," मी म्हणाले. "सगळे खोटे आहेत. ती सोमवारपासून आजारी आहे."

हे बोलायला मी दीड तास घेतला. मॅडमनी डॉक्टरांना पुन्हा फोन केला तेव्हा तो बेड गेला होता. दुपारी तीनपर्यंत फोन चालले. शेवटी दुसऱ्या एका ठिकाणी जागा मिळाली आणि ॲम्ब्युलन्स आली. मला बरोबर येऊ दिलं नाही. तिला आत घेताना तिची एक चप्पल पायरीवर पडली. मी ती उचलून द्यायला पुढं झाले तर पीपीई किट घातलेल्या माणसानं लांबूनच हात दाखवून मला थांबवलं.

आम्हा दहाही जणींची तपासणी झाली. मी पॉझिटिव्ह निघाले. मला ना ताप, ना खोकला, जिभेची चवही शाबूत. मला एका मंगल कार्यालयात नेलं, तिथं कॉटा टाकून सेंटर केलं होतं. स्टेजवरच्या दोन खुर्च्या कुणी हलवल्या नव्हत्या. तिथं रोज दोनदा एक सिस्टर यायची, बोटाला यंत्र लावायची आणि वहीत आकडा लिहायची. माझा रोज अठ्ठ्याण्णव यायचा. तो खरा होता आणि मला तो बघवत नव्हता. नवव्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग सुरू झाली. कुणासाठी ते वर सरकवून बघावं लागलं. पहिल्या निरोपात तिचं नाव होतं. तिला तिच्या घरच्यांनी शेवटचं लांबूनच पाहिलं.

आमची परीक्षा पुढं घरी बसून, मोबाइलवर झाली. एका तासाची. समोर चार पर्याय, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. सगळे पास झाले.

गाड्या पुन्हा धावायला लागल्यावर मी एका सकाळी रहिमतपूरला उतरले. तिची प्रॅक्टिकलची वही माझ्या सामानात आली होती. ती द्यायची हे निमित्त. खरं मला तिच्या घरच्यांना सांगायचं होतं, आणि ते कशासाठी सांगायचं होतं याची मला आजही खात्री नाही. त्यांचा हक्क म्हणून, की मला झोप यावी म्हणून.

काका, म्हणजे तिचे वडील, सोप्यावर खाटेवर बसले होते. भिंतीवरच्या फोटोतला गणवेशातला माणूस आणि हा माणूस यांत दहा वर्षांचं अंतर पडल्यासारखं दिसत होतं. "ये पोरी," म्हणाले. तिच्या आईनं, काकूंनी, पाणी दिलं आणि त्या आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. वही काकांनी उघडून बघितली नाही, बाजूला ठेवली.

"एका दिसात झालं बघ," ते म्हणाले. "आदल्या दिशी अठ्ठ्याण्णव हुता. कॉलेजनं कागूद दिलाय." खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. तिच्या नावापुढं तारखा आणि त्यापुढं आकडे. माझे आकडे. ते खोटे आहेत हे कॉलेजनं त्यांना सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. घड्यांवर कागद फाटायला आला होता, म्हणजे तो बऱ्याच जणांना दाखवून झाला होता. "फौजेत आमी लय बघितलं. यायची ती येती. कुणाचा दोष न्हाई. मी हिलाबी त्येच सांगतो, कुणाचा दोष न्हाई."

त्या कागदाच्या आधारानंच तो माणूस उभा होता हे मला दिसत होतं. तरी मी सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि सोमवारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्या दिशी खरं काय हुतं?"

"घसा दुखत होता."

बोट खाली सरकलं. "आन ह्या दिशी?"

"ताप होता."

"ह्या दिशी?"

असं करत त्यांनी मला एकेक दिवस विचारला. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. नव्वद. कागद संपला तेव्हा बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी वर बघितलं.

"का पर? का सांगितलं न्हाईस?"

"परीक्षा होती, काका."

"परीक्षा तर घरी बसून झाली म्हनं." त्यांनी बोट कागदावरून उचललं. "पोरी, यवढं खोटं लिवलंस. आता एक तरी खरं सांग."

मी काकूंकडं बघितलं. त्या खाली बघत होत्या. मी सांगितलं. तिला घरी यायचं नव्हतं. घरी आलं की लग्न होणार आणि परत पाठवणार नाहीत, अशी तिला भीती होती. तिला शिरवळला नोकरी करायची होती. आजारी आहे हे कळलं असतं तर तुम्ही तिला न्यायला आला असता, म्हणून तिनं मला शपथ घातली.

काकांचा चेहरा लाल झाला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "वाघ हाय का मी? आं? पोरगी नको म्हनली आसती तर मी थांबलो आसतो! एका शब्दानं म्हनायचं हुतं. मी थांबलो आसतो!"

"न्हाई थांबला आसता."

काकू बोलल्या. आल्यापासूनचा त्यांचा तो पहिला शब्द होता. त्या रडत नव्हत्या, आवाजही वाढवला नव्हता.

"न्हाई थांबला आसता तुमी. तारीक बी काढून बसला हुता. नोकरीचं तिनं मला सांगितलं हुतं सगळं. म्हून तर मीच तिला फोनवर म्हनलं, परीक्षा हाय म्हन आन तितंच ऱ्हा. काय बी झालं तरी घरी यिऊ नगं."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. तो कागद त्यांच्या मांडीवर तसाच होता. मला थांब म्हणावं की जा म्हणावं हे दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. मग मी आपणहून उठले, चपला घातल्या आणि स्टेशनकडं चालू लागले.